कंपाउंड धनुष्य ट्यून केलं तरी पुन्हा पुन्हा का बिघडतं? बाण शेपूट वळवत जात असेल तर या क्रमाने तपासा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. 'मागच्या महिन्यात धनुष्य अगदी जुळवून घेतलं होतं, कागदावर गोल भोक पडत होतं. आता तेच धनुष्य, तेच बाण आणि कागद दीड इंच आडवा फाटतोय. रेस्ट (बाण टेकतो तो आधार) सरकवली की चार दिवस बरं चालतं, मग परत तेच.' स्वतःच्या आणि सोबत सराव करणाऱ्यांच्या धनुष्यांवर हा दोष मी इतक्या वेळा शोधलाय की आता कुणी ॲलन की घेऊन रेस्टकडे हात नेला की मी आधी तो हात थांबवतो. चूक रेस्टवर दिसते खरी, पण बहुतेक वेळा ती जन्माला दुसरीकडे आलेली असते. रेस्ट सरकवून आपण ती फक्त झाकतो. म्हणूनच ती परत येते.

कंपाउंड म्हणजे टोकांना कॅम नावाची फिरती चाकं असलेलं धनुष्य. खालचं सगळं उजव्या हाताने ओढणाऱ्या आणि रिलीज (बोटांऐवजी दोरी धरून सोडणारं साधन) वापरणाऱ्या तिरंदाजासाठी लिहिलंय.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे:

- 20 मीटरवर ग्रुप (टार्गेटवर लागलेल्या बाणांचा घोळका) ठीक, 50 मीटरवर मात्र उगाच पसरतो.
- मागे उभं राहून कुणी पाहिलं तर बाणाचं शेपूट आडवं वळवळताना किंवा वर-खाली डुलताना दिसतं.
- सगळे बाण टार्गेटमध्ये एकाच बाजूला कलून रुततात.
- साइट (नेम धरायचं साधन) दर आठवड्याला एकाच दिशेने सरकवावी लागते.
- पीप (दोरीत बसवलेलं, नेम धरताना ज्यातून बघतो ते भोक) पूर्वी डोळ्यासमोर सरळ यायचा, आता थोडा फिरलेला येतो.
- पूर्ण ओढल्यावर लागणारी 'भिंत' पूर्वी टणक होती, आता मऊ लागते किंवा दोन टप्प्यांत लागते.
- पिसांवर एकाच जागी घासल्याची खूण आहे, किंवा केबलवर (कॅमना जोडणाऱ्या दोरीवर) पिसाचा रंग उतरलाय.

शेवटची तीन लक्षणं दिसली तर मी कान टवकारतो, कारण ती थेट कारणाकडे बोट दाखवतात. पहिली चार फक्त एवढंच सांगतात की काहीतरी बिनसलंय.

आधी कागद लावा, आणि तो नीट वाचा

लाकडी चौकटीत साधा कागद ताणून बसवा. वर्तमानपत्रही चालतं, पण त्याच्या कडा झिरमिळतात आणि फाट नीट वाचता येत नाही. तुमच्यापासून कागद सुमारे दोन मीटरवर, छातीच्या उंचीला, म्हणजे बाण जमिनीला समांतर जाईल. कागदामागे बट (बाण रुतायचं जाड टार्गेट) इतक्या अंतरावर हवा की बाण टोचण्याआधी पिसांसकट कागदातून पूर्ण बाहेर पडलेला असेल. दीड-दोन मीटर पुरतात. बट कागदाला चिकटून ठेवला तर टार्गेटचा धक्का कागदावर उमटतो आणि आपण नसलेल्या दोषामागे लागतो.

टोकाचं भोक गोल पडतं आणि पिसांच्या चिरा शेपूट कुठे होतं ते दाखवतात. चिरा डावीकडे म्हणजे शेपूट डावीकडे.

एकच बाण घ्या आणि पाच वेळा सोडा. पाचही फाटी एकाच दिशेला आणि जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर दोष सामानात आहे. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक जवळजवळ गोल, असं असेल तर धनुष्याला हातच लावू नका. तो दोष धरणाऱ्या हाताचा आहे, किंवा काहीतरी ढिलं आहे. हा फरक न बघता केलेलं ट्यूनिंग म्हणजे हलत्या वजनकाट्यावर धान्य मोजणं.

1. बाणांना नंबर घाला

खर्च एका मार्करचा. सहा बाणांवर 1 ते 6 लिहा आणि चार-पाच फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीनंतर कुठला नंबर कुठे लागला ते वहीत टिपा. चार नंबरचा बाण पाचही फेऱ्यांत ग्रुपच्या बाहेर त्याच कोपऱ्यात जात असेल तर धनुष्य निर्दोष आहे. त्या बाणाचा नॉक (शेपटाची, दोरीत बसणारी खाच) बदला. पीस उचकटलंय का बघा. टोक सपाट जागी टेकवून बाण बोटांत गिरकी देऊन फिरवा. टोक थरथरलं तर पॉइंट (टोकाचा तुकडा) तिरका बसलाय किंवा शाफ्ट (बाणाची नळी) वाकलाय. काही वेळा नॉक एक पीसभर फिरवला की तोच बाण ग्रुपमध्ये येतो, कारण कार्बन शाफ्ट सगळ्या बाजूंनी अगदी सारखा ताठ नसतो.

याच वेळी एक काम न चुकता करा. कार्बनचा प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून लांब, हलका वाकवा आणि फिरवत फिरवत चारही बाजूंनी तपासा. करकर ऐकू आली, बोटाला धागा टोचला, चीर दिसली, तर तो बाण तिथेच मोडून टाका म्हणजे चुकून कुणी परत वापरणार नाही. तडकलेला कार्बन सुटतानाच फुटतो आणि त्याचे तुकडे पुढच्या हातात घुसतात. या एका गोष्टीत मी कुणाचंही 'चालेल हो' ऐकून घेत नाही. चिरलेला नॉकही तितकाच वाईट: तो दोरीवरून निसटला की धनुष्य रिकामं सुटतं आणि सगळा जोर लिंब (धनुष्याची वाकणारी पाती) आणि कॅमवर येतो.

2. हात, चेहरा आणि ड्रॉ लेंग्थ

पंजा बघा. तळहातावरची आयुष्यरेषा ही हद्द समजा. ग्रिपचा (धनुष्य धरायच्या जागेचा) दाब रेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर यायला हवा. रेषा ओलांडून ग्रिप करंगळीच्या बाजूला गेली की धनुष्य हातात पिळलं जातं. पूर्ण ओढल्यावर हा पीळ दिसत नाही, पण दोरी सुटताक्षणी धनुष्य फिरतं आणि बाणाचं शेपूट बाजूला फेकलं जातं. बोटांच्या मुळाचे सांधे दोरीच्या रेषेशी साधारण 45 अंशात, बोटं सैल. धनुष्य पडेल या भीतीने मूठ आवळली जात असेल तर बो-स्लिंग (धनुष्य हाताला अडकवून ठेवणारा पट्टा) बांधा. ती भीती गेली की निम्म्या लोकांची आडवी फाट तिथेच निम्मी होते.

मग चेहरा. दोरी नाकाच्या शेंड्याला आणि गालाला नुसती टेकली पाहिजे. गालात रुतत असेल तर आपणच तिला बाजूला ढकलतोय. नेहमी रुतत असेल तर ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते माप) बहुधा जास्त आहे. अशा वेळी माणूस मागे रेलतो आणि पुढचा खांदा वर उचलतो. हे स्वतःला कळत नाही, कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. बऱ्याच धनुष्यांत ड्रॉ लेंग्थ कॅमवरच्या मॉड्यूलने बदलते आणि तो स्क्रू साधा असतो. पण तुमच्या धनुष्याला त्यासाठी प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागते का, हे मॅन्युअलमध्ये बघूनच हात घाला.

एक सोपी चाचणी: अनुभवी तिरंदाजाला, ज्याची ड्रॉ लेंग्थ तुमच्याएवढीच आहे त्याला, तुमच्या धनुष्यातून तुमचाच बाण कागदातून मारायला द्या. त्याची फाट गोल आली तर पुढचं वाचायची आज गरज नाही.

3. स्क्रू

प्रत्येक बाणागणिक धनुष्य हादरतं आणि स्क्रू हळूहळू सैल होतात. रेस्ट, साइट, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) आणि केबल गार्ड, चौघांचे स्क्रू ॲलन कीने हलकेच तपासा. केबल गार्ड लोक विसरतात. तो केबलींना बाणाच्या वाटेतून बाजूला ओढून धरतो. तो जरासा फिरला की केबलींचा आडवा ताण बदलतो, कॅम वेगळ्या कोनात कलतात आणि बाण आडवा फाडू लागतो. आठवडाभर छळणारी फाट या एका स्क्रूने सुटल्याचं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

4. नॉक आणि डी-लूप

धनुष्य न ओढता बाण दोरीला लावा आणि हात काढून घ्या. तो 'टिक्' आवाज करून बसला पाहिजे, लोंबकळला पाहिजे, आणि नॉकपासून थोड्या अंतरावर दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारली की सुटून पडला पाहिजे. टिचकी मारूनही सुटत नसेल तर नॉक घट्ट आहे. स्वतःच्या वजनाने आधीच पडत असेल तर सैल. दोन्ही वाईट, पण सैल जास्त वाईट. नवी सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक दोरा) गुंडाळल्यावर ट्यूनिंग अचानक बिघडलं असेल तर इथेच थांबून बघा, कारण सर्व्हिंगचा दोरा जरा जाड निघाला तरी नॉकची पकड बदलते.

डी-लूपच्या (दोरीवर बांधलेला, रिलीज अडकवायचा छोटा फास) दोन गाठींमध्ये नॉक अगदी चिणून बसलेला नको. आपण ओढतो तेव्हा दोरीचा कोन अरुंद होतो आणि गाठी नॉकला चिमटतात. केसभर फट हवी. ही चिमट उभी फाट देते, आणि नॉक कितीही वर-खाली केला तरी ती हटत नाही.

5. पिसं कशाला लागतायत का

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण हिच्यासारखी फसवणारी गोष्ट दुसरी नाही. पीस जाताजाता रेस्टला किंवा केबलला शिवलं की कागदावर जी फाट येते ती अगदी चुकीच्या नॉकच्या उंचीसारखी किंवा चुकीच्या स्पाइनसारखी (बाणाच्या ताठपणासारखी) दिसते. आपण मग नॉक हलवतो, रेस्ट हलवतो, आणि फाट जराही बधत नाही.

माझ्याच धनुष्यावर एकदा दोन संध्याकाळी अशा गेल्या. शेपूट वर, सातत्याने, तेवढंच. तिसऱ्या दिवशी पायाला लावायची कोरडी पावडर पिसांवर, रेस्टवर आणि केबलींवर फवारली आणि एकच बाण सोडला. बाण काढून उजेडात धरला. खालच्या पिसाच्या मागच्या टोकाला पांढऱ्या पावडरीत नखाच्या कडेएवढी एक काळी रेघ होती, आणि ड्रॉप-अवे (बाण सुटताच खाली पडणाऱ्या) रेस्टच्या हाताच्या आतल्या बाजूला तिची जोडीदार. रेस्ट पडत होती, पण उशिरा. तिची दोरी केबलवरच्या गाठीत दोन-तीन मिलिमीटर सरकली होती, एवढंच. गाठ पुन्हा जागेवर बांधली आणि पहिल्याच बाणाला भोक गोल.

म्हणून पावडर मारा. नसेल तर पिसांच्या कडांना लिपस्टिक लावा. रेघ सापडली तर दोष सापडला. पट्टीच्या रेस्टवर पीस पट्टीला लागत असेल तर नॉक थोडा फिरवून पिसांची जागा बदला. ड्रॉप-अवे असेल तर ती ओढ संपत आल्यावर पूर्ण उभी राहते का, आणि सुटल्यावर वेळेत पडते का, ते बघा. तिची दोरी ताणली जाते, गाठ सरकते. पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या उभ्या फाटीचं हे एक नेहमीचं कारण आहे.

6. आता नॉकची उंची आणि रेस्ट

इथवर काही सापडलं नसेल तरच मापं घ्यायची. टी-चौकोन (टी आकाराची मोजपट्टी) दोरीला लावा. नॉक बसलेला बाण दोरीशी काटकोनात किंवा शेपटाकडे किंचित वर, जास्तीत जास्त तीन मिलिमीटर, ही सुरुवातीची जागा. बाजूने बघता बाण रायझरमधल्या (धनुष्याच्या मधल्या कडक भागातल्या) रेस्टच्या भोकासमोरून जायला हवा. बाजूचं माप म्हणजे रायझरच्या आतल्या कडेपासून बाणाच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते बऱ्याच धनुष्यांत 13/16 इंचाच्या, म्हणजे 20-21 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण तुमच्या कंपनीने दिलेला आकडा तोच खरा.

नियम लक्षात ठेवायला सोपे आहेत. शेपूट वर जातंय: नॉकची दोरीवरची जागा खाली घ्या किंवा रेस्ट वर. शेपूट खाली जातंय: याच्या उलट. शेपूट डावीकडे: रेस्ट उजवीकडे. शेपूट उजवीकडे: रेस्ट डावीकडे. म्हणजे उभ्या फाटीत रेस्ट शेपटाच्या दिशेने जाते आणि आडव्या फाटीत शेपटाच्या विरुद्ध. नवीन माणूस नेमका इथेच गोंधळतो. एका वेळी अर्धा मिलिमीटर, मग तीन बाण, मग पुढचा निर्णय. फाट वाढली तर परत मूळ जागी या आणि आधीची तपासणी पुन्हा करा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकत्र बदलून फाट गेली तर कशाने गेली ते कळत नाही, आणि ती परत आल्यावर सुरुवातीपासून शोधावं लागतं.

मला इथे एक रेघ मारून ठेवायची आहे: गोल भोक मिळवण्यासाठी रेस्ट कंपनीच्या मापापासून तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवावी लागली, तर थांबा. समोरून पाहिलं तर बाण दोरीच्या रेषेतून उघड तिरका निघालेला दिसेल. जवळून तो चालवून घेता येतो, लांबून नाही. त्याचं कारण पुढच्या दोनपैकी एका भागात आहे.

7. बाण धनुष्याला जुळतो का

स्पाइन म्हणजे शाफ्टचा ताठपणा. तो मोजायची पद्धत ठरलेली आहे: शाफ्ट 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मध्ये 880 ग्रॅम वजन टांगायचं, आणि तो किती इंच वाकला ते बघायचं. अर्धा इंच वाकला तर 500, 0.4 इंच वाकला तर 400. म्हणजे आकडा लहान तितका बाण ताठ. हे उलटं असल्यामुळे चुकीचे बाण घेतले जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण शाफ्टवर छापलेला आकडा हे स्थिर माप झालं. सुटताना बाण प्रत्यक्षात किती वाकतो ते आणखी तीन गोष्टींवर ठरतं. पौंड (धनुष्य ओढायला लागणारा जोर) वाढवले की बाण जास्त वाकतो, जणू मऊ झाला. पॉइंट जड केला तरी तेच. बाण कापून आखूड केला की ताठ वागतो. कंपाउंडमध्ये अजून एक गैरसमज असतो. 80 टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा जोर) असलेल्या 50 पौंडांच्या धनुष्यात आपण शेवटी हातात फक्त 10 पौंड धरतो, म्हणून काहींना वाटतं की मऊ बाण चालेल. पण सुटल्यावर कॅम उलगडताना बाणाला पूर्ण 50 पौंडांचा टप्पा सोसावाच लागतो. स्पाइन कमाल पौंडांवरूनच निवडायचा.

एका जुन्या सोबत्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. धनुष्य सहा महिने छान चाललं होतं. स्पर्धेच्या तोंडावर त्याने वाऱ्यासाठी म्हणून दोन्ही लिंब बोल्ट दोन-दोन फेरे आवळले, म्हणजे पौंड वाढवले, आणि त्याच आठवड्यात 100 ग्रेनचे पॉइंट काढून 120 ग्रेनचे लावले. दोन्ही बदल बाणाला मऊ करणारे. शेपूट डावीकडे फाडू लागलं. उजव्या हाताच्या, रिलीजवाल्या तिरंदाजाला मऊ बाणाची हीच खूण. तो रेस्ट उजवीकडे नेत राहिला. मी बघितलं तेव्हा रेस्टचा स्क्रू खाचेच्या टोकाला पोचला होता. नवे शाफ्ट घ्यायची त्याची तयारी झाली होती. आम्ही रेस्ट मापावर आणली, जुने पॉइंट परत लावले, बोल्ट एक फेरा सोडले. फाट बोटाच्या पेराएवढी होती ती पिसाच्या जाडीवर आली.

म्हणून मऊ वाटणाऱ्या बाणासाठी क्रम असा: आधी बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सोडून बघा, मग हलका पॉइंट, आणि नवे शाफ्ट सगळ्यात शेवटी. ताठ वाटत असेल तर उलट. बोल्ट वर आणि खाली नेहमी सारखेच फिरवा. बहुतेक धनुष्यांत एका फेऱ्याला साधारण दोन-तीन पौंड बदलतात. किती फेऱ्यांपर्यंत सोडता येतात याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि ती कधीही ओलांडायची नाही. बोल्ट त्यापलीकडे सोडला तर लिंब जागेवरून निखळू शकतो.

बाण कापायचा विचार असेल तर दोनदा मोजा. पूर्ण ओढल्यावर बाण रेस्टच्या पुढे किमान दोन-तीन सेंटिमीटर राहिला पाहिजे. आखूड बाण ओढताना रेस्टवरून मागे घसरला आणि तसाच सुटला तर तो हातात शिरेल. कार्बन घासून कापणाऱ्या वेगवान चकतीनेच कापतात, तोंडाला मास्क लावून. पॉइंट काढताना आच पॉइंटला द्यायची, शाफ्टला नाही.

वजनाचीही एक खालची मर्यादा आहे. प्रत्येक पौंडामागे किमान 5 ग्रेन, म्हणजे 50 पौंडांच्या धनुष्याला पॉइंट, पिसं, नॉक धरून 250 ग्रेन, सुमारे 16 ग्रॅमपेक्षा हलका बाण नको. वेगाच्या मोहात याहून हलका बाण सोडणं म्हणजे धनुष्य अर्धवट रिकामं सोडल्यासारखंच आहे. कंपनीने याहून जास्त आकडा दिला असेल तर तो पाळा.

बाण जुळला की नाही याची खात्री 10-15 मीटरवर बिनपिसाचा बाण सोडून करा. पिसवाल्यांच्या शेजारी, जवळपास त्याच कोनात रुतला तर उत्तम. मग साइटच्या एकाच पिनने 10, 20 आणि 30 मीटरवरून एकाच उभ्या रेघेवर नेम धरा. बाण खाली खाली लागत जातील, ते ठीक. पण लागलेली रांग लांब जाताना डावीकडे कलत असेल तर रेस्ट किंचित उजवीकडे, उजवीकडे कलत असेल तर डावीकडे. कागदावर न दिसणारी चूक इथे दिसते. 50 मीटरवर 80 सेंटिमीटरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ अवघं 8 सेंटिमीटरचं असतं, आणि स्पर्धेतले गुण याच चुकीपायी जातात.

8. दोरी, केबल आणि कॅम

वरची दोन लक्षणं आठवा: फिरलेला पीप आणि मऊ झालेली भिंत. दोष महिन्या-दोन महिन्यांनी परत येत असेल तर मूळ बहुतेक इथे आहे. नवी दोरी पहिल्या शे-दोनशे बाणांत बसते, थोडी लांबते, आणि लांबताना तिचा पीळ सैल होऊन पीप फिरतो. धनुष्य उन्हात बंद गाडीत राहिलं तर हेच काम एका दुपारीत होतं. केबल वेगवेगळ्या प्रमाणात ताणल्या की वरचा आणि खालचा कॅम एकाच क्षणी फिरत नाहीत. एक आधी थांब्याला टेकतो, दुसरा मागून. म्हणून भिंत दोन टप्प्यांत लागते आणि दोरीची नॉकची जागा सरळ न जाता वर-खाली हेलकावत जाते. होलेस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हाच धनुष्याच्या दोन टोकांना दोन चाकं आली आणि दोघांनी एकत्र फिरायचा हा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. आजचे कॅम कितीही सुधारले तरी दोन कॅमच्या धनुष्यात तो प्रश्न तसाच आहे.

बघायचं कसं? बाण लावून, टार्गेटकडे तोंड करून, सावकाश ओढा आणि बाजूला उभ्या असलेल्याला दोन्ही कॅमचे थांबे बघायला सांगा. मोकळं धनुष्य कधी ओढू नका. शिवाय बऱ्याच कॅमवर खुणा कोरलेल्या असतात, आणि केबल कुठल्या खुणेसमोर असावी ते ठरलेलं असतं. वर खूण बरोबर आणि खाली दोन मिलिमीटर सरकलेली, असं दिसलं की निदान झालं. कॅम कललाय का तेही बघा: एक सरळ बाण कॅमच्या बाजूला सपाट टेकवा आणि तो दोरीशी समांतर जातो का, की दोरीला छेदतो, ते पाहा. थोडा कल असणं साहजिक आहे. पूर्वीपेक्षा वाढलेला असणं मात्र नाही.

निदान इथपर्यंत तुम्ही करा. दुरुस्ती नाही. केबलला पीळ देणं, योकचे (केबलच्या दुभागलेल्या टोकाचे) फेरे बदलणं, कॅमच्या बाजूच्या चकत्या बदलणं, या सगळ्याला प्रेस लागते. ज्याने प्रेस वापरायचं शिक्षण घेतलंय त्याच्याकडे जा. घरी दोरखंड बांधून किंवा दोघांनी जोर लावून धनुष्य दाबायचे प्रकार मी पाहिलेत. त्यात लिंबाचा फटका तोंडावर बसतो.

इथे लगेच थांबा

पुढीलपैकी काही दिसलं तर एकही बाण सोडू नका आणि धनुष्य जाणकाराकडे न्या. लिंबावर चीर, उचकटलेला थर, किंवा कडेवरून फिरवलेल्या कापसाचे धागे अडकणं. धनुष्य रिकामं सुटलं असेल, मग वरून काही दिसो न दिसो. दोरी कॅमच्या खाचेतून बाहेर आलेली असेल. ती ओढून जागेवर आणायचा प्रयत्न अजिबात नको. दोरीचा किंवा केबलचा एकही पदर तुटलेला असेल, किंवा कॅमजवळची सर्व्हिंग उकलून आतला दोरा उघडा पडला असेल. ओढताना नवा आवाज येत असेल.

जुळल्यावर लगेच करायचं काम

ज्या दिवशी भोक गोल पडेल त्याच दिवशी मापं वहीत उतरवा: ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी ते ग्रिप हे अंतर), दोन्ही ॲक्सलमधलं अंतर, नॉकची उंची, रेस्टचं माप, पीपची उंची, पौंड. लिंब बोल्टपासून रायझरपर्यंत मार्करने एक बारीक रेघ ओढा, केबल कॅमवर जिथे बसते तिथे दुसरी, ड्रॉप-अवेच्या गाठीवर तिसरी. पुढच्या वेळी बाण शेपूट वळवू लागला की कागद लावायच्या आधी या तीन रेघा बघा. जी तुटलेली दिसेल तिथून सुरुवात करा. दोरीला मेण लावत राहा, आणि नवी दोरी लावली असेल तर शे-दोनशे बाणांनंतर सगळी मापं पुन्हा घ्या.

जाणकाराकडे जाताना ही वही, नंबर घातलेले सगळे बाण आणि फाटलेले कागद, त्यावर तारीख टाकून, सोबत न्या. काम झाल्यावर तो स्वतः एक बाण मारून गोल भोक दाखवेल. ते बघून निघू नका. त्याचा पंजा वेगळा, त्याची ड्रॉ लेंग्थ वेगळी, चेहरा वेगळा. तिथेच, त्याच कागदावर, स्वतःच्या हाताने तुमचे तीन बाण मारा आणि तो समोर असतानाच फाट बघा.